पाठीच्या मधल्या मणक्यातली गादी सरकली आहे. कितपत घाबरायचं?

रातकिडा

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. वय ४२, काम बैठं. काही महिन्यांपासून खांद्याच्या फऱ्यांच्या खाली, पाठीच्या बरोबर मधोमध दुखतं. तिथून उजव्या बरगडीच्या कडेकडेने पुढे पोटाच्या वरच्या भागापर्यंत कोणी पट्टा आवळल्यासारखं होतं. शिंक आली की जीव जातो. कधी कधी त्या पट्ट्यात कातडी इतकी हुळहुळी होते की शर्टही नकोसा वाटतो.

आधी पित्त समजून गोळ्या झाल्या. मग पित्ताशयाची सोनोग्राफी झाली, ती स्वच्छ. ईसीजीही नॉर्मल. शेवटी एमआरआय झाला. रिपोर्टचा सारांश: डी ७-८ ला (छातीच्या सातव्या-आठव्या मणक्यांमध्ये) उजवीकडे डिस्क प्रोट्रुजन, म्हणजे गादी बाहेर आलेली, थीकल सॅकवर (मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीवर) दाब, कॉर्डला हलका स्पर्श, कॉर्डमध्ये सिग्नल बदल नाही. डी ९-१० ला बल्ज, म्हणजे गादीला फुगवटा. डॉक्टर म्हणाले गोळ्या घ्या, फिजिओ सुरू करा आणि सहा आठवड्यांनी दाखवा. ते शांत होते, मी नाही. 'कॉर्ड' हा शब्द वाचल्यापासून झोप उडाली आहे. कोणाला मधल्या पाठीचा अनुभव आहे का? नेटवर बघावं तर सगळं कमरेचंच.

मुक्कामपोस्ट

माझी एल ४-५ ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) होती, पायात कळ यायची. काही महिन्यांत आपोआप बरी झाली. तुमचीही होईल, कशाला काळजी करता! कडक अंथरूण आणि भरपूर झोपून राहणं, एवढं पुरे.

अनुस्वार

मणक्यांचे विकार हाच माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रातकिडा, हे तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही हे गृहीत धरा.

मुक्कामपोस्ट यांचा दिलासा चांगला आहे, पण कमरेचा हिशेब छातीच्या मणक्यांना लावता येत नाही. मज्जारज्जू, म्हणजे रिपोर्टमधली कॉर्ड, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपते. त्याखाली नुसत्या नसांचा झुपका असतो. एल ४-५ ची गादी बाहेर आली तर ती बहुधा एखाद्या नसेला दाबते, आणि नस बरंच सोसते. डी ७-८ ला मात्र गादीच्या मागे खुद्द कॉर्ड आहे. तिथली नळी अरुंद, त्यात कॉर्डभोवती मोकळी जागा थोडी. शिवाय पाठीच्या नैसर्गिक बाकामुळे कॉर्ड नळीत पुढच्या अंगाला, म्हणजे नेमकी गादीकडे टेकलेली असते. छातीच्या मधल्या पट्ट्यात कॉर्डचा रक्तपुरवठाही तुलनेने तुटपुंजा. त्यामुळे 'कॉर्ड' वाचून तुम्ही दचकलात ते अगदीच उगाच नाही.

आता दुसरी बाजू. या भागात १२ मणके आहेत आणि त्यांना बरगड्यांचा पिंजरा जखडून ठेवतो. हालचाल कमी, म्हणून गादीवरचा ताणही कमी. त्रास देणाऱ्या सगळ्या हर्निएशनमध्ये (म्हणजे गादी बाहेर येण्यामध्ये) छातीच्या भागातली १ टक्क्याहूनही कमी असतात. जी होतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश डी ८ च्या खाली, कारण शेवटच्या बरगड्या पुढे हाडाला जोडलेल्या नसतात आणि तिथे पाठ जास्त वळते. नेटवर सगळं कमरेचंच का सापडतं, ते यावरून कळेल.

तुमचा पट्टा मात्र रिपोर्टशी जुळतो. छातीची प्रत्येक नस आपापल्या बरगडीखालून पुढे येते. ढोबळ खुणा अशा: डी ४ स्तनाग्रांच्या पातळीला, डी ६-७ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, डी १० बेंबीशी, डी १२ जांघेच्या जरा वर. म्हणून डी ७ ची नस दुखावली की माणूस पोटाच्या डॉक्टरकडे जातो, डी ५ ची दुखावली की हृदयाच्या. तुम्ही आधी ईसीजी आणि सोनोग्राफी केलीत ते योग्यच झालं. छातीत दुखतंय आणि आपल्याला गादीचा त्रास आहे म्हणून कोणी हृदयाची तपासणी टाळू नये.

निळी_शाई

+१. माझ्या मावशीला असाच एका बाजूचा पट्टा दुखत होता, सगळ्यांनी पाठीवर खापर फोडलं. पुढे पुरळ उठलं तेव्हा कळलं की नागीण आहे. रोज आरशात पाठ बघा.

अनुस्वार

निळी_शाई, मोलाची सूचना. नागिणीत पुरळाच्या काही दिवस आधीपासून आग होऊ शकते, कातडीही अशीच हुळहुळी होते. फक्त रातकिडांचं दुखणं काही महिन्यांचं आहे, तेव्हा त्यांच्या बाबतीत ती शक्यता कमी.

शंकासुर

एक मूलभूत शंका. एमआरआय कोणाचाही काढला तरी काहीतरी निघतंच. मग याच गादीमुळे दुखतंय हे कशावरून? यंत्र आहे म्हणून फोटो, फोटो आहे म्हणून आजार, असं तर होत नाही ना?

अनुस्वार

शंका रास्त आहे आणि तिला आकड्यांचा आधारही आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९० जणांच्या छातीच्या मणक्यांचे एमआरआय पाहिले. ७३ टक्के लोकांत कुठे ना कुठे काहीतरी सापडलं. ३७ टक्के लोकांत हर्निएशन होतं, आणि २९ टक्के लोकांत कॉर्डचा आकारही दाबाने थोडा बदललेला दिसला. ही सगळी ठणठणीत माणसं! त्यातल्या काहींना दोनेक वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा लहान हर्निएशन बहुतेक तशीच होती, मोठी मात्र बरेचदा आकसली होती.

म्हणून नुसत्या रिपोर्टवर उपचार ठरत नाही. दुखण्याची पातळी, गादीची बाजू आणि तपासणीत सापडणाऱ्या गोष्टी, तिन्हींचा मेळ बसावा लागतो. रातकिडांच्या बाबतीत पहिल्या दोघींचा बसतो. डी ९-१० चा बल्ज मी तूर्त विसरून जाईन. रिपोर्टमधलं माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं वाक्य हे: कॉर्डमध्ये सिग्नल बदल नाही, म्हणजे फोटोत कॉर्डला इजा झाल्याची खूण दिसत नाही.

रातकिडा

अनुस्वार ताई, खूप आभार. आता श्वास नीट घेतोय (तोही दुखतो, पण घेतोय). मग नेमकं कशावर लक्ष ठेवायचं? दुखणं वाढण्यावर?

जिना_उतरताना

दुखण्यावर नको, पायांवर ठेवा. माझी गादी डी १०-११ ला होती आणि मला पाठीत फारसं दुखतच नव्हतं, म्हणूनच उशीर झाला. सुरुवात अशी झाली की चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची. मी चप्पल बदलली. मग जिना उतरताना गुडघे कडक वाटायला लागले, म्हणजे पाय उचलतोय मी आणि टाकतोय दुसराच कोणी. अंघोळीला डोळ्यांवर साबण आला की तोल जायचा, भिंत धरावी लागायची. आंघोळीचं पाणी एका पायाला गरम आणि दुसऱ्याला कोमट लागायचं. लघवीला लागली की थांबता येईना. एवढं होऊनही मी ते थकव्यावर आणि वयावर ढकलत होतो. न्यूरोच्या डॉक्टरांनी तळपायावर किल्ली ओढली तर अंगठा वर गेला, घोटा झटकन वर ढकलला तर पाऊल थडथडत राहिलं. तिथेच त्यांचा चेहरा बदलला.

अनुस्वार

जिना_उतरताना यांनी पाठ्यपुस्तकाहून स्पष्ट लिहिलंय. ही सगळी कॉर्ड दाबली गेल्याची लक्षणं आहेत: पाय कडक किंवा जड होणं, अडखळणं, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जाणं, धडापासून खाली बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सैल होणं. यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर सहा आठवड्यांची तारीख विसरा आणि लगेच दाखवा. लघवी अडली, किंवा पायातली ताकद तासा-दिवसांत उतरत चालली, तर थेट इमर्जन्सी.

आणखी एक वेगळी यादी आहे, ती गादीची नाही. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न हटणारं दुखणं, हाडं ठिसूळ असताना किरकोळ पडणं. छातीचे मणके हे क्षयरोगाचं, गाठींचं आणि ठिसूळ हाड दबण्याचंही आवडतं ठिकाण आहे. मधल्या पाठीच्या दुखण्यात डॉक्टर कमरेपेक्षा लवकर एमआरआय सांगतात त्याचं एक कारण हे.

खिडकीजवळ

वाचतेय. चांगला चाललाय धागा. माझा प्रश्न थोडा निराळा: ओळखीतले एक जण मणके 'बसवून' देतात. पाठीवर गुडघा ठेवून कडकन आवाज काढतात, लोकांना लगेच मोकळं वाटतं. अशा वेळी ते चालेल का?

पाठीराखा

फिजिओ आहे, म्हणून मध्ये पडतो. नाही चालणार. कॉर्डला गादी टेकलीये हे माहीत असताना छातीच्या मणक्यांना झटका देणं म्हणजे निव्वळ जुगार. जोरकस मालिशही त्या जागी नको. हलका हात, शेक, आजूबाजूचे स्नायू सैल करणं इथपर्यंत ठीक.

मुक्कामपोस्ट, झोपून राहण्याबद्दलही थोडं. ऐन कळ असताना दोन-तीन दिवस आराम ठीक आहे. पुढे पडून राहिलात तर बरगड्या आणखी आखडतात आणि मग दुखणं गादीचं किती, आखडण्याचं किती, हेच कळेनासं होतं.

रातकिडा, मी सुरुवात श्वासापासून करतो, आणि पेशंट हमखास नाराज होतात, कारण त्यांना 'व्यायाम' हवा असतो. पण ज्याला शिंकायची भीती वाटते तो नकळत वरवर श्वास घ्यायला लागतो, खालच्या बरगड्या हलतच नाहीत. गुडघे वाकवून पाठीवर झोपा, दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांच्या बाजूंवर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या, असा की तळवे बाहेरच्या बाजूला ढकलले गेले पाहिजेत, छाती वर उचलली जायला नको. दुखऱ्या बाजूचा तळवा कमी सरकेल. तो दुसऱ्याच्या बरोबरीला येणं, हे पहिलं काम. दुखू लागेल त्याच्या अलीकडे थांबायचं.

ते जमलं की पातळ टॉवेलची गुंडाळी फऱ्यांच्या खाली आडवी ठेवून त्यावर थोडा वेळ पडायचं, हात डोक्यामागे. जाड उशी नको, फोम रोलर तर इतक्यात नकोच. मग फरे मागे-खाली ओढण्याचे व्यायाम, आधी भिंतीला टेकून, नंतर रबराच्या पट्टीने. पाठ पुढे वाकवून त्याच वेळी वळणं आणि हातात वजन असणं, हे तिन्ही एकत्र होऊ द्यायचं नाही. गाडीच्या मागच्या सीटवरून बॅग ओढून घेणं हे त्याचं नमुनेदार उदाहरण. व्यायामाने मधोमध थोडं ठणकलं तर चालतं, पण पट्ट्यातली कळ पुढे पोटाकडे वाढली किंवा पायात काही जाणवलं तर तो व्यायाम बंद, आणि मला फोन. म्हणजे तुमच्या फिजिओला.

बैठकीबद्दल एकच सांगतो: आदर्श बैठक शोधत बसू नका, दर अर्ध्या तासाने उठा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आला की पाठ आपोआप थोडी उघडते.

शंकासुर

आणि गोळ्या? मला त्या प्रीगाबालिनने दिवसभर तारेत ठेवलं होतं.

अनुस्वार

सुरुवातीला सूज आणि वेदना कमी करणाऱ्या साध्या गोळ्या, त्याही पोट आणि मूत्रपिंड सांभाळून, मर्यादित काळ. आग, मुंग्या, कातडीची हुळहुळ ही नसेची वेदना. त्यावर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन देऊन बघतात. गुंगी आणि चक्कर हे त्यांचे नेहमीचे त्रास, म्हणून रात्री आणि कमी मात्रेने सुरू करतात. शंकासुर यांच्यासारखं झालं तर मात्रा बदलून मागा, पण स्वतःहून एकदम बंद करू नका.

एवढ्याने पट्टा हटला नाही तर बरगडीखालच्या नसेला किंवा मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसेपाशी इंजेक्शन देता येतं, एक्स-रे किंवा सीटीत बघत. फुप्फुस आणि कॉर्ड दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, तेव्हा अंदाजाने टोचायची ही जागा नव्हे. इंजेक्शनचा उपयोग निदानालाही होतो. बधिर केल्यावर पट्टा काही तास पूर्ण गेला तर त्याच नसेचं दुखणं आहे याला बळ मिळतं. गादी त्याने आत जात नाही.

ज्यांना कॉर्डची लक्षणं नाहीत अशा बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवाय भागतं. ऑपरेशनचा विषय दोनच परिस्थितींत काढतात: कॉर्डची लक्षणं आहेत आणि वाढताहेत, किंवा महिनोन् महिने सगळं करूनही नसेची कळ जगू देत नाही. नुसती मधोमध दुखणारी पाठ, पट्टा नाही, पाय उत्तम, अशा वेळी ऑपरेशनचा फायदा बेभरवशाचा असतो आणि मी तरी हात आखडता घेते.

मुक्कामपोस्ट

माझं झोपून राहण्याचं मत मागे घेतो. पण ऑपरेशन म्हणजे कमरेसारखंच ना, मागून छोटी चीर, दुसऱ्या दिवशी घरी?

अनुस्वार

तिथेच फरक पडतो. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोघांनी गादी बाहेर येऊन नसा दबतात हे शस्त्रक्रियेच्या आधारे मांडलं, आणि मागून मणक्याची हाडाची कमान काढून गादीपर्यंत जायचं तंत्र कमरेला रुळलं. तेच छातीच्या मणक्यांना लावलं तेव्हा चालत आलेले काही पेशंट ऑपरेशननंतर पांगळे झाले. कारण सरळ आहे. कमरेला नसांचा झुपका हळूच बाजूला सारून गादी काढता येते, कॉर्ड अशी बाजूला सारता येत नाही. ती सोसतच नाही. म्हणून १९६० च्या सुमारापासून कुशीने जायचे मार्ग पुढे आले: बरगडीचा तुकडा काढून मागच्या-बाजूच्या अंगाने, मणक्याच्या खुंटातून, किंवा सरळ छाती उघडून समोरून. पुढे दुर्बिणीतून छातीत शिरायची पद्धत आली, आता निवडक केसेसमध्ये एंडोस्कोपही वापरतात. कॉर्डला हात न लावता गादीपर्यंत पोचणं, हा या सगळ्या मार्गांचा हेतू.

मार्ग कोणता हे गादी मधोमध आहे की बाजूला, मऊ आहे की कडक, यावर ठरतं. छातीच्या भागातल्या बऱ्याच हर्निएशनमध्ये कॅल्शियम साठून ती हाडासारखी टणक होतात, कधी कॉर्डच्या आवरणालाच चिकटतात. एमआरआयवर हे नीट कळत नाही, म्हणून ऑपरेशनआधी सीटी लागतो. मऊ गादी शरीर हळूहळू शोषून घेऊ शकतं. मोठ्या माणसातल्या टणक गादीकडून ती आशा धरत नाहीत.

जिना_उतरताना

माझी टणकच निघाली. छातीतून झालं. आदल्या दिवशी सीटीत बघून मणक्यात एक बारीकशी धातूची खूण बसवली, कारण ऑपरेशन टेबलावर डी १० कोणता आणि डी ११ कोणता हे मोजताना चूक होऊ शकते म्हणे. ऑपरेशनभर पायांच्या नसांचे सिग्नल मशीनवर बघत होते. जाग आली ती छातीत नळी घेऊनच. कमरेवाल्यांची 'दुसऱ्या दिवशी घरी' मजा आमच्या नशिबी नाही.

पायांचा कडकपणा पुष्कळ कमी झाला, लघवी ताळ्यावर आली. डावा पाय थोडा ओढतो अजून. बरगडीपाशी चिरेचा एक नवाच दुखरा पट्टा मिळाला, त्यावर शंकासुर यांचीच गोळी चालू आहे. तारेत मीही असतो.

खिडकीजवळ

एक विचारायचं राहिलं. पोटाची एक बाजू फुगल्यासारखी दिसते, सर्जन म्हणतात हर्निया नाही. याचा पाठीशी संबंध असू शकतो का?

अनुस्वार

असू शकतो. डी ११-१२ च्या आसपासची नस दाबली गेली तर पोटाच्या त्या बाजूचे स्नायू ढिले पडून फुगवटा दिसतो. क्वचित घडतं, पण न्यूरॉलॉजिस्टना दाखवण्यासारखं नक्की आहे. मधुमेह असेल तर तेही सांगा, त्यानेही छाती-पोटाच्या नसा अशाच दुखावतात.

रातकिडा

आज मुद्दाम पुन्हा जाऊन आलो. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी, तळपायावर किल्ली, घोट्याला झटका, डोळे मिटून उभं राहणं, एका रेषेत टाचेला चवडा लावून चालणं, सगळं करून घेतलं. अंगठा खाली गेला, पाऊल थडथडलं नाही. पट्ट्यात टाचणी बोथट लागते, बाकी सगळं जागेवर आहे. म्हणाले हेच आपण दर भेटीला करू, एमआरआय पुन्हा लगेच नको, लक्षणं बदलली तरच. फिजिओंनीही पहिल्या दिवशी श्वासच शिकवला आणि मी नाराज झालो, पाठीराखा यांनी म्हटल्याप्रमाणे. उजवा तळवा खरंच हलत नाही.

पाठीराखा, शेवटचं एक: शिंक येणारच. तेव्हा काय करू?

पाठीराखा

शिंक दाबू नका, दाबल्याने आतला दाब उलट वाढतो. येतेय असं वाटलं की उभे राहा, पाठ सरळ, एक हात भिंतीवर किंवा टेबलावर टेकवा आणि तोंड उघडं ठेवून शिंका. बसल्या बसल्या पुढे वाकून शिंकणं तेवढं टाळा. अंथरुणात असाल तर कुशीवर वळून गुडघे थोडे जवळ घ्या.